अनीसकडं मिळतं

गिऱ्हाईक काउंटरवर हात टेकून बरंच काही बोलतं. "महाग सांगून राहिलाव" म्हणतं, "कालपर्यंत चालू होतं" म्हणतं, "पोरानं काही केलं नाही, आपोआप बिघडलं" म्हणतं. यातलं काहीच मला लागत नाही. लागतं ते एकच वाक्य. "तुमच्याकडं न्हाई का? बरं, मग अनीसभाईकडं मिळतं."

लातूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर नावाखाली 'बी.एस्सी. (इलेक्ट्रॉनिक्स)' असं लिहिलेलं आहे. पाटी दोनदा बदलली, पण ते अक्षर एकदाही लहान केलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, तेव्हा ज्याला ते अक्षर मोठं वाटतं त्यानं दुसरीकडं बघावं. पण लातूरचं माणूस ही पाटी वाचून, मला विचारून, वर यष्टीत बसून नांदेडला जातं, सबंध दिवस मोडतं आणि अनीसकडून वस्तू आणतं. बसवायला परत माझ्याकडं येतं. तेव्हा मी कसा जळतो ते मी या लेखात लिहिणार आहे. धंद्यातला अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं. माझा धंद्यातला अनुभव म्हणजे अनीस.

आम्ही दोघं नांदेडच्या कॉलेजात एका बाकावर होतो. प्रॅक्टिकलचं जर्नल मी लिहायचो, तो उतरवायचा. उतरवताना माझ्या चुकाही जशाच्या तशा उतरवायचा आणि वर मलाच म्हणायचा, "अबे, लिहिताना जरा ध्यान देत जा ना, माझे मार्क कटून राहिले." शेवटी मला फर्स्ट क्लास मिळाला, तो काठावर सुटला. त्या दिवसापासून त्यानं माझं नाव टाकलं. भर बाजारात, लग्नात, फोनवर, मी फर्स्टक्लास.

जळण्याची सुरुवात मात्र धंद्याच्या आधीची आहे. मी औसा तालुक्यातल्या एका गावचा. भूकंपाच्या वर्षी बारावीला होतो आणि औशाला खोली करून राहत होतो, म्हणून आहे. आमच्या घरातली दोघं गेली. नंतर नांदेडला कॉलेजात आलो तेव्हा माझ्याकडं एक वळकटी होती आणि घरचा पत्ता विचारला की पत्र्याच्या शेडचा नंबर सांगावा लागायचा.

अनीसचं घर जुन्या नांदेडात. पुढं वडलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागं राहतं घर. आजोबा तिथंच घड्याळं दुरुस्त करायचे. पहिल्यांदा त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा उंबऱ्याबाहेर चपलांची रांग होती. चुलत्यांच्या, भावांच्या, आत्याच्या, लहान पोरांच्या, एक जोड आजोबांचा. मी माझ्या चपला शेवटाला काढल्या आणि तिथंच थोडा उभा राहिलो. त्याच्या अम्मी आतून म्हणाल्या, "बेटा, आत ये की, जेवण गार होऊन राहिलं." मला जेवणाचं काही आठवत नाही, चपलांची रांग आठवते. इतकी माणसं एका घरात शिरलेली, आणि घर जिथल्या तिथं उभं. ज्यानं त्या घरात जन्म घेतला त्याला त्याची काही किंमत नव्हती. तो येता-जाता त्या चपला पायानं बाजूला सारायचा.

आता धंदा सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लातूरला शिकवण्यांचा धंदा वाढला तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघाले. अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं यायला लागली, खाणावळी भरल्या, भाड्याच्या खोल्यांना भाव आला. पुढं काही परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या. मग प्रत्येक क्लासवाल्याला सरावासाठी कॉम्प्युटरची लॅब पाहिजे झाली, आणि स्वस्तात पाहिजे झाली. नवे घेण्याची तयारी कुणाचीच नव्हती. कचेऱ्यांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर हैदराबादहून लॉटमध्ये यायचे. त्या म्हाताऱ्या मशीनवर नेहमीची सिस्टिम टाकली की ती उघडेपर्यंत पोराचा पेपर संपायचा. मी त्यावर लिनक्स टाकायचो. लिनक्स फुकट असतं, चोरून वापरावं लागत नाही, अंगानं हलकं असतं आणि त्याला व्हायरसची भीती फारशी नाही. लातुरात ते पहिल्यांदा मी चालवून दाखवलं, हे मी लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

अडचण यायची ती चित्राची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसतं ते काढणारा भाग काही मशीनच्या मुख्य पाटीवरच चिकटवलेला असतो. काही कंपन्यांचा हा भाग असा होता की त्याची बोली लिनक्सला येतच नव्हती. मग लिनक्स कसंबसं मोठं मोठं चित्र काढायचं. पडदा फुटभर, चित्र मात्र दीड फुटाचं, म्हणजे खालचा भाग पडद्याच्या बाहेर.

एका फिजिक्सच्या सरांच्या लॅबमध्ये हे झालं. सराव परीक्षा घेतली, निकाल लागला, आणि सर माझ्या दुकानात तणतणत आले.

"अहो, अख्ख्या बॅचमध्ये एकाही पोरानं डी लिहिलेलं नाही!"

"म्हणजे?"

"चार पर्याय असतात ना. ए, बी, सी, डी. ज्या प्रश्नाचं उत्तर डी, तो सगळ्यांचा चुकला. माझी हुशार पोरं पण. मी काय त्यांना डी शिकवत नाही का?"

मी जाऊन बघितलं. चौथा पर्याय पडद्याच्या खाली गेला होता, दिसतच नव्हता. पोरांना वाटलं, सरांनी मुद्दाम तीनच दिलेत, अवघड करायला. एकानंही विचारलं नाही. लातूरच्या क्लासमध्ये पोरं प्रश्न सोडवायला येतात, विचारायला नाही.

याला उपाय एकच. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड बसवायचं, म्हणजे चित्र काढायला वेगळा माणूस ठेवायचा. पण कार्डही कसलंही चालत नाही. नवं कार्ड जुन्या मशीनपेक्षा महाग पडतं, वर त्याला वीज इतकी लागते की जुना सप्लाय धूर काढतो. कार्डं करणाऱ्या कंपन्या मुख्य दोन. आम्ही दुकानदार खोक्याच्या रंगावरून त्यांना हिरवी आणि लाल म्हणायचो. हिरवीची जुनी कार्डं नीट चालवायची तर कंपनीचा स्वतःचा दुभाषा लागायचा, आणि कंपनीनं जुन्या कार्डांसाठी तो पाठवणं बंद केलेलं. लालच्या जुन्या कार्डांची बोली लिनक्स घरूनच शिकून आलेलं असायचं. खोचलं की चित्र. तेव्हा पाहिजे काय, तर जुनं, लहान, लाल कंपनीचं, वेगळी वायर न मागणारं, आणि स्वस्त. अशी कार्डं कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. कंपनीनं करायचीच सोडली होती.

हे सगळं मी फिजिक्सच्या सरांना पाटीवर आकृती काढून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ड्रायव्हरला नांदेडला पाठवलं. तो पोतडीत कार्डं घेऊन आला. लाल, लहान, बिनवायरची. एकेक साफ पुसलेलं, पेपरात गुंडाळलेलं.

"अनीसभाईकडं मिळाली," सर म्हणाले. "बसवता ना तेवढी?"

बसवली. डी दिसायला लागला. सरांनी पेढे वाटले आणि मलाच पेढा देता देता म्हणाले, "माणूस भारी आहे हो तुमचा अनीस." माझा अनीस!

असं वर्षानुवर्षं चाललं. मी त्याला कितीदा तरी विचारलं, "कुठून आणतोस?" तो म्हणायचा, "अल्ला देतो." पुढं बोलायचा नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं की याचा कुणी तरी मामा-चुलता हैदराबादेत बसलेला असणार. मोठ्या खानदानाचं असंच असतं, सगळीकडं माणसं. आमची माणसं सगळी एका गावात होती.

मग एका श्रावणात आमच्या गावच्या शाळेतून फोन आला. आमचं गाव आता जुन्या जागी नाही, दोन-अडीच किलोमीटरवर नवं वसलंय. शाळेला कुणा दात्यांनी जुने कॉम्प्युटर दिले होते. मुख्याध्यापिका शेळके मॅडम नव्यानं बदलून आलेल्या, उदगीरकडच्या.

"सर, तुम्ही लिनक्स टाकून देता असं ऐकलं. तेवढंच काम आहे. स्क्रीन धड येत नाही, त्याला कार्ड लागतं म्हणं. त्याची काळजी करू नका, ते नांदेडला अनीसभाईकडं मिळतं. त्यांना फोन केलाय."

"मॅडम," मी म्हटलं, "मी त्याच गावचा आहे."

"हो का? मग तर उद्घाटनाला नक्की या. भूकंपाच्या दिवशी ठेवलंय. श्रद्धांजली झाली की लगेच. गावकऱ्यांनीच दिवस ठरवला."

माझ्या गावच्या शाळेच्या लॅबसाठी मला पाहुणा म्हणून आवतण, आणि कार्डं अनीसची! त्या दिवशी स्मारकाच्या दगडावरची जी नावं वाचतात त्यात आमच्या घरची दोन आहेत. मी म्हटलं, "मॅडम, अनीसभाईला नको म्हणून कळवा. कार्डं मी आणतो. सगळी."

"नक्की ना सर? गाव जमणार आहे हो. बघा बरं, नाही तर पोरं नुसत्या काळ्या पडद्यांसमोर बसतील."

"आणतो म्हटलं ना."

आणतो म्हटलं खरं, पण कुठून, ते मलाच ठाऊक नव्हतं.

आधी हैदराबाद केलं. तिथं बाजारात जुनी कार्डं भरपूर, पण ती भाजलेली. मेलेल्या कार्डाला गरम हवा देतात, आतला जोडाचा डाग वितळून परत चिकटतो, कार्ड थोडे दिवस जगतं आणि विकणारा ओळख विसरला की मरतं. भाजलेल्या कार्डाला नाकाजवळ धरलं की करपट वास येतो. सगळ्या गल्लीत तोच वास होता. शाळेला भाजलेली कार्डं द्यायची नव्हती. रिकामा परत आलो.

मग प्रिंटरची शाई विकणारा एक सेल्समन दुकानात आला. तो नांदेडलाही फिरायचा. मी सहज विचारल्यासारखं केलं, "काय म्हणतो आमचा अनीस?" तो म्हणाला, "भाई आखाडात दुकानात घावतच न्हाईत. हिमायतनगर, इस्लापूर, किनवट, माहूर, त्या साइडला फिरून राहतेत. फोटो स्टुडिओवाल्यांकडं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणारे! चित्रावर फुलं पडायची, नवरा-नवरी बदामात फिरायची, त्याला कार्ड लागतंच. स्टुडिओवाला मोठं कार्ड घेतो तेव्हा लहान कार्ड निघतं. मामा नाही, चुलता नाही. मी नंबर मिळवले आणि इस्लापूरच्या गंगाधर नावाच्या स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"तुमच्याकडं जुनी ग्राफिकची कार्डं आहेत का?"

"हाव. हायत ना. लई हायत."

"चालू आहेत का?"

"चालू म्हंजे? मागच्या सीझनमधी तीच चालली."

"किती असतील?"

"गठ्ठाच हाय की ओ."

"मला सगळी पाहिजेत."

मग त्यानं विचारलं, "पोरी किती हायत तुम्हाला?"

मला वाटलं, त्या बाजूची माणसं मोकळी, विचारपूस करतात. म्हटलं, "एक आहे. नववीला."

"नववीला? अन् सगळी कशाला मंग?"

"माझ्यासाठी नाही. शाळेला द्यायचीत."

"शाळेला?"

"हाव."

"बरं बाबा," तो म्हणाला. "या मंग."

इस्लापूरला जाताना बस गच्च भरली होती, सहस्रकुंडचा धबधबा बघायला निघालेली पोरं. सगळे गात होते. मी मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसलो होतो आणि बहुतेक सगळ्यात जास्त आनंदात मीच होतो. अनीसचं बिंग फुटलं होतं. आखाडात तो जातो, मी श्रावणात निघालो, पण गठ्ठा मला मिळणार होता.

गंगाधरचा स्टुडिओ स्टँडसमोरच. पडद्याला निळं आभाळ रंगवलेलं, एक प्लास्टिकचा गुलाब. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली आणि कपाटातून दोरीनं बांधलेला गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"बगा. हे मोराचं ग्राफिक. हे गणपतीचं. हे पालखीचं जरा हलकं हाय. बुद्धाचं बी हाय, पिवळ्यात, लई गोड दिसतंय. मुसलमानाचं पायजे तर हिरवं हाय."

ती लग्नाची कार्डं होती. नमुन्याची. वर 'चि. सौ. कां.' आणि खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'.

मी गठ्ठ्याकडं बघत राहिलो. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स.

"शाळेत सामुदायिक लगीन हाय का काय?" गंगाधरनं विचारलं.

मी त्याला सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकून घेऊन एकदम म्हणाला, "हात्तिच्या! पंखा पायजे व्हय तुम्हाला! मशीनमधला पंखा!" आणि टेबलाच्या खणातून पेपरात गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. लाल, लहान, वर इवलासा पंखा. पाहिजे तेच. मी हात पुढं केला आणि त्यानं कार्ड मागं घेतलं.

"हे न्हाई देता येत. हे अनीसभाईचं हाय."

"पैसे देतो की."

"पैशाचं न्हाई ओ. भाई दरसाल आखाडात येतेत. आखाडात लगनं नसतेत, आम्ही बसूनच असतोत. ते येतेत अन् विचारतेत, 'गंगाधर, पंखा आवाज करून राहिला का?' आता पंखा कुणाचा आवाज करत न्हाई? सगळ्यांचाच करतो. मग उघडतेत, धूळ काढतेत, चहा पितेत, माय कशी हाय इचारतेत. मोठं कार्ड कमी भावात लावून देतेत, जुनं घेऊन जातेत. अवंदा म्हणले, 'नवं पाठवतो, जुनं काढून ठीव, कुणाला देऊ नको.' ठिवलंय."

'पंखा आवाज करून राहिला का?' एवढंच. ज्या शब्दावर मी सगळी वर्षं हैदराबादेतला मामा शोधत होतो तो शब्द 'पंखा' होता. मी माणसांना वस्तूचं पुस्तकातलं नाव विचारत होतो. अनीस त्यांना त्यांचं दुखणं विचारत होता.

माझा चेहरा बघून गंगाधरला दया आली असावी. त्यानं मोबाइल काढला, अनीसला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"भाई, लातूरचा एक माणूस आलाय. तुमचा पंखा मागून राहिला."

"कोण बे? खिशाला दोन पेनं हायत का?"

गंगाधरनं माझ्या खिशाकडं बघितलं. "हायत."

"फर्स्टक्लास है वो! चहा पिला त्याला."

"पिलवतो. पण भाई, ते आधी लग्नाची कार्डं मागत व्हते. समदी. मोराची बी."

पलीकडं असं हसणं सुरू झालं की गंगाधरनं फोन हातात घेऊन लांब धरला. अनीसचं हसणं ओसरतंय असं वाटलं की तो "मोराची?" असं विचारायचा आणि पुन्हा सुरू.

शेवटी मी म्हटलं, "झालं का? माझ्या गावच्या शाळेसाठी पाहिजेत, अनीस."

"मालूम है ना यार." त्याचा आवाज एकदम खाली आला. "मॅडमचा फोन आला तेव्हाच गावाचं नाव ऐकलं. मग सगळ्यांना फोन करून सांगितलं, आता एक पण दुसरीकडं देऊ नका. नंतर मॅडम म्हणाल्या, एक लातूरचे सर सगळी आणणारेत, तुम्ही नका आणू. मी समजलो कोण. म्हटलं, फिरू दे जरा." मग गंगाधरला म्हणाला, "गंगाधर, दे त्याला. बाकीची मी आणतो. तू आठ दिवसांनी नांदेडच्या स्टँडवर ये."

तो नाही म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. वैऱ्यानं वैऱ्यासारखं वागावं, म्हणजे हिशेब सोपा राहतो. परतीच्या बसमध्येही तीच धबधब्याची पोरं होती, ओली होऊन झोपलेली. मी पिशवीतलं एक कार्ड आणि गंगाधरनं आग्रहानं दिलेली मोराची पत्रिका घेऊन खिडकीला डोकं टेकून बसलो.

आठ दिवसांनी नांदेडच्या स्टँडवर अनीस साबणाचं खोकं घेऊन उभा होता. हिमायतनगरची कार्डं, किनवटची, आणि सगळ्यात जास्त माहूरची. माहूरला गडावर भक्तांचा देवीसोबत फोटो काढून देणारे बसतात. त्यांना कुणी तरी पटवलं होतं की मशीनमध्ये कार्ड टाकलं की कागदावर देवीचं तेज जास्त येतं. छापण्याशी त्या कार्डाचा काडीचा संबंध नाही, तरी प्रत्येकानं टाकलं होतं. "मी त्यांना खरं सांगितलं," अनीस म्हणाला, "की काढलं तरी तेज कमी न्हाई होत. एकानं काढून बघितलं. मग सगळ्यांनी काढली." खोक्याच्या तळाशी पत्र्याच्या बुटक्या पट्ट्याही होत्या. शाळेची मशीनं अंगानं अरुंद, आणि कार्डाच्या उंच पट्टीनं ते आत बसत नाही. त्यानं ट्रंका करणाऱ्या पत्रेवाल्याकडून पट्ट्या कापून आणल्या होत्या. मॅडमला मशीनची जाडी टेपनं मोजायला लावली होती. मी फोनवर मॅडमला फक्त 'आणतो' एवढंच म्हटलं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गावात गेलो. मी लिनक्स टाकत गेलो, तो कार्डं खोचत गेला. एकेक पडदा उघडत गेला. मी मुद्दाम एक सराव परीक्षा लावून बघितली. ए, बी, सी, डी, चारही दिसत होते. लिनक्स मी टाकलं हे कुणाला दिसत नव्हतं, कारण ते दिसत नसतं. पोरं येऊन अनीसच्या हातातला पंखा बघत होती.

मुक्कामाला आमच्या तिथल्या घरी, विहाराच्या शेजारी, माय राहते तिथं. माय त्याला एकदाच भेटलेली, माझ्या लग्नात. तरी दारातच म्हणाली, "अनीस व्हय रं? किती हाडकलास! अम्मी कशी हाय?" मला म्हणाली, "तू हातपाय धू." ताट आधी त्याला वाढलं. त्यानं दोन भाकरी खाऊन तिसरी मागितली. मी घरी कधी तिसरी मागत नाही, आणि माय त्याच्याकडं अशी बघत होती की मी माझ्या ताटाकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी श्रद्धांजली झाली. नावं वाचली. उद्घाटन झालं. शेळके मॅडमनी आधी अनीसभाईंचे आणि मग 'आपल्याच गावच्या सरांचे' आभार मानले. टाळ्याही त्याच क्रमानं वाजल्या. मी मोजत नव्हतो, पण ऐकू येतं ना माणसाला.

मंडप सुटत होता तेव्हा अनीस जवळ आला. म्हणाला, "चल, दाखव."

"काय?"

"तुझं घर कुठं व्हतं?"

भूकंपानंतर मला लाख माणसांनी प्रश्न विचारले. साहेबांनी विचारले, पत्रकारांनी, कॉलेजच्या कारकुनानं, बायकोच्या माहेरच्यांनी. सगळ्यांचा प्रश्न एकच, "तुमच्या घरचे किती?" त्याचं उत्तर देताना आता माझी जीभ अडत नाही. पण घर कुठं होतं, हे कुणी विचारलेलं नव्हतं. मीही कुणाला दाखवलं नव्हतं. बायकोला नाही, पोरीला नाही.

जुन्या गावाच्या जागी आता वेडी बाभूळ आहे आणि दगडामातीचे उंचवटे. वाट अशी नाहीच. चावडीच्या जागेवरून अंदाज धरला, विहीर सापडली, विहिरीवरून डावीकडं वळलो. मला वाटलं होतं मी चुकेन. पण पाय बरोबर गेले.

"हे," मी म्हटलं. "इथं दार. इकडं गोठा. ही खोली, वर माळवद होतं. तिथं चूल." मी चुलीपर्यंत गेलो. तिथून बोलत राहिलो, कारण एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना. "दादा या कोपऱ्यात झोपायचा. बहीण चुलीच्या पलीकडं, तिला ऊब लागायची."

मागं वळून बघितलं तर अनीस आत आलाच नव्हता. जिथं मी दार म्हणून दाखवलं होतं तिथं वाकून तो चपला काढत होता. काट्यांच्या रानात. काढल्या, जोडीनं बाजूला नीट लावल्या, आणि मग अनवाणी, पाय जपत, आत आला.

मी माझ्या पायांकडं बघितलं. मी चपला घालून थेट चुलीपर्यंत आलो होतो.

त्या क्षणी मी त्याच्यावर जितका जळलो तितका फिजिक्सच्या सरांच्या पेढ्यावर जळलो नव्हतो, मायच्या भाकरीवर जळलो नव्हतो. माझं घर, माझी चूल, आणि नीट आत यायचं मात्र सुचलं ते त्याला.

मी परत दारापर्यंत गेलो. त्याच्या चपलांच्या शेजारी माझ्या काढल्या.